पानामागचा मध

एका जंगलात दवाखाना होता, यावरून तुम्ही ओळखलंच असेल की ते सुधारलेलं जंगल होतं.

दवाखान्यात डॉक्टर साळिंदर बसत. ते हुशार होते आणि औषधही चांगलं देत. पण त्यांच्या अंगावर काटे होते. म्हणून रोगी दोन हात लांब उभे राहत, सगळ्याला पटकन 'हो' म्हणत आणि घरी जात.

मुलांनो, त्याच जंगलात धोंडूअण्णा नावाचं एक अस्वल राहत होतं. त्यांच्या उजव्या पंजाला काटा लागला होता. जखम भरत नव्हती.

डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. तिथली तपासणी सोपी होती. रोग्याच्या लघवीत भिजवलेलं पान वारुळाशी ठेवायचं आणि किती मुंग्या येतात ते बघायचं. दहा आल्या तर ठीक. अण्णांच्या पानाला तीनशे आल्या, आणि काही जणी मुलंबाळं घेऊन आल्या.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "निंबाची पानं दोन वेळा. गोड बंद. कळलं?"

"हो," अण्णा म्हणाले.

पंधरा दिवसांनी चारशे मुंग्या आल्या.

"पानं खाता ना?"

"हो. एक वेळ चुकवत नाही."

"मग चार वेळा खा."

अण्णा चार वेळा खाऊ लागले. मुंग्या सहाशे झाल्या. डॉक्टरांनी सहा वेळा लिहिलं आणि वर न बघता सांगितलं, "पौर्णिमेपर्यंत जखम भरली नाही, तर पंजा काढावा लागेल."

अण्णा दवाखान्याबाहेर येऊन दगडावर बसले. त्यांनी पंजा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. याच पंजाने त्यांनी आयुष्यभर कंद उकरले होते. आता सून उकरून देणार, आणि देताना चार शब्द ऐकवणार.

त्याच सुमारास सिंहमहाराजांनी एक नवीन पद काढलं होतं, आरोग्यसोबती. औषध डॉक्टरांनी द्यायचं आणि सोबतीने रोग्याबरोबर चालायचं. या पदासाठी एकच अर्ज आला होता, कासवमावशींचा.

"तुम्ही काय देता?" दगडाशी आलेल्या मावशींना अण्णांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही निंबाकडे निघालात ना? मीही येते."

मावशींबरोबर चालायचं म्हणजे अण्णांना चार पावलं टाकून थांबावं लागे. निंब गाठायला सकाळ गेली. अण्णांनी मूठभर पानं चावली, तोंड वाकडं केलं, मग फांदीवर चढून तिथल्या मधाच्या पोळ्यात पंजा घातला आणि कोपरापर्यंत चाटला.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"औषध."

"पानं औषध. हे?"

"हेही औषधातच मोडतं. आमच्याकडे कडू औषधावर मध चाटवतात. आई तसंच द्यायची. नाहीतर औषध अंगी लागत नाही."

"चाटवायची किती?"

"बोटभर."

मावशींनी अण्णांच्या कोपराकडे बघितलं. अण्णांनीही बघितलं.

"म्हणजे सहा वेळा पानं," मावशी सावकाश म्हणाल्या, "आणि सहा वेळा..."

"डॉक्टरांनीच वाढवलं," अण्णा पुटपुटले. "डॉक्टरांनी कधी विचारलंच नाही."

"दुसरा निंब कुठे आहे?"

"नदीपलीकडे. पण त्यावर पोळं नाही. म्हणून तर तिकडे कोणी फिरकत नाही."

"मग उद्या तिकडे जाऊ."

"आणि तोंडाच्या कडूपणाचं काय?"

"मला शिव्या द्या. तेवढंच बरं वाटेल."

पहिले तीन दिवस अण्णांनी खरोखर शिव्या दिल्या. मावशी पाठीत डोकं घेऊन ऐकत राहिल्या. चौथ्या दिवशी अण्णा नदीचं पाणी पिऊन गप्प बसले. आठव्या दिवशी ते मावशींना हाक मारायला स्वतःच आले.

पौर्णिमेला पानाजवळ नऊ मुंग्या आल्या, त्याही चुकून. जखमेवर नवी कातडी आली होती.

डॉक्टर खूश झाले. महाराजांनी सत्कार ठेवला. डॉक्टरांना शाल दिली आणि अण्णांना पुढे बोलावलं.

"डॉक्टरांच्या सहा वेळांनीच बरा झालास ना?"

अण्णांनी मावशींना शोधलं. मावशी सकाळीच निघाल्या होत्या, पण अजून वाटेतच होत्या. डॉक्टर शेजारी उभे होते, काट्यांसकट. अण्णा दोन हात लांब सरकले.

"हो," ते म्हणाले.

महाराजांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. सगळ्या जंगलाने सहा वेळा पानं खावीत. सोबतीचं पद रद्द, कारण ती काहीच देत नाही.

मावशी पोचल्या तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते.

"मी हो म्हणालो," अण्णा खाली बघत म्हणाले.

"कळलं. येताना सगळे जवळच्या निंबाकडे धावताना दिसले." मावशी वळल्या. "चला, आपली नदीची वेळ झाली."

"पद तर गेलं ना?"

"चालायला पद कशाला लागतं?"

दुसऱ्या आठवड्यात मुंग्यांनी वारूळ दुमजली केलं.

तात्पर्य : औषध लागू पडत नसेल तर ते वाढवावं. रोग्याला काही विचारत बसू नये. विचारलं की तो सांगतो, आणि मग ऐकावं लागतं.