गोंडा कापलेली शाल

पोरीची कटकट थांबावी म्हणून बापाने एक थाप मारली, एवढंच झालं. घरात तिच्या बात मिट्झ्वाची तयारी चालली होती. पोर आता जाणती झाली, सगळ्यांपुढे उभं राहून तिने तोराची धर्मपोथी वाचायची. ती हटून बसली, "आजोबांची प्रार्थनेची शाल पांघरूनच वाचीन. नाहीतर उभीच राहणार नाही."

"आहे ना, कपाटात," बाप म्हणाला. (कुठली आहे! ती शाल पांघरवूनच म्हाताऱ्या दादांना पुरलं होतं, वर माती यानेच लोटली होती. पण तशीच दुसरी आणून ठेवू, पोरीला काय कळतंय? याची अक्कल चालते ती अशी.)

पोर गेली आणि शाल घेऊन आली.

तीच. पिवळी पडलेली, तपकिरीच्या वासाची. आणि एका कोपऱ्याचा गोंडा कापलेला. गोंडा कापतात तो फक्त मयताच्या शालीचा, पुरायच्या आधी.

"कु... कुठे मिळाली?"

"वरच्या खणात, जुन्या पडद्यांखाली. कसली गार आहे हो, बाबा!"

भर दुपारी घर चिडीचूप झालं. नळसुद्धा ठिबकायचा थांबला. आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं. आत कोणी नव्हतं.

"अगं ए! दादा परत आलेत!"

बायको हात पुसत आली. "आले असतील तर चपला बाहेर काढायला सांगा." तिने शाल उलटीपालटी केली. "गोंडा कोणी कापला होता?"

"मीच. सिनेगॉगच्या काकांनी कात्री दिली. मी रडत होतो गं, काही दिसत नव्हतं. हातावर दोन्ही शाली होत्या, दादांची आणि माझी. एकीचा कापला..."

"आणि पांघरवली कुठली?"

बापाने कपाळावर हात मारला.

"माझ्या कर्मा! जिच्यावर मी तुमचं नाव भरलं होतं ती? लाँड्रीवाल्याने हरवली म्हणून अजून त्याच्याशी भांडताय, ती?"

"म्हणजे ही खरंच आजोबांची?" पोरीने शाल छातीशी धरली.

"त्यांचीच," आई म्हणाली. "आता तुझी. काका नवा गोंडा बांधून देतील."

बाप शालीपासून मागे सरला. "म्हणजे तिकडे जमिनीखाली माझं नाव आहे! वरच्या दरबारात मी मेलेलाच धरला असणार!"

"तरीच," बायको म्हणाली. "समारंभाचा हॉल बघून या म्हणून कधीची बोंबलतेय, तुम्ही जागचे हलत नाही."

आतल्या खोलीत पुन्हा कोणीतरी खोकलं. या वेळी हसू दाबल्यासारखं.