जिभेला चिकटलेलं हाड

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या राक्षसांशी आपली रोजची ऊठबस, आपल्याला भीती ती कशाची, असं स्नेहा कॉलेजात छाती ठोकून सांगायची. चिंताकीला सासरी आली की मात्र तिला सासूबाईंच्या नुसत्या खोकल्याचीही धडकी भरायची.

दुसऱ्या दिवशी तिला गुलबर्ग्याला, अंध मुलांच्या शाळेत जायचं होतं. कॉलेजच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवलेले जीवाश्म त्या मुलांच्या काय कामाचे? ते त्यांच्या हातातच द्यायचे, हे तिनं तिथल्या साहेबांशी भांडून मंजूर करून घेतलं होतं. त्यासाठी ती अंगणात बसून पिशवीतले तुकडे निवडत होती. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. म्हणून ती एकेक तुकडा चाटून पाहत होती.

शेजारच्या भागाबाईंनी ते कुंपणावरून पाहिलं. सून दगडमाती चाटायला लागली, तर आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. चहा उकळेपर्यंत बातमी गावभर झाली आणि सासूबाई, म्हणजे शकुबाई, डोळे पुसतच बाहेर आल्या.

"कामून लपवायलीस गं? उद्या जीपबीप काही न्हाई. गाडीबैलाच्या धक्क्यानं माझं पहिलं लेकरू गेलंय."

स्नेहानं हातातला तुकडा खाली ठेवला. खरं सांगावं तर म्हातारीचं मन मोडणार. न सांगावं तर तिकडे मुलं वाट बघत बसणार, आणि नऊ महिन्यांनी दाखवायचं काय? तेवढ्यात शकुबाईंनी हैदराबादला, लेकाला म्हणजे माउलीला, आनंदाची बातमी द्यायला मोबाइल काढला. आता खोटी बातमी नवऱ्यापर्यंतही जाणार म्हटल्यावर स्नेहानं डोळे मिटून सांगून टाकलं.

"आत्याबाई, दिवस न्हाईत गेले. हाड हाय का दगड, ते बघत होते. हाड जिभेला चिकटतं."

शकुबाईंचा चेहरा असा पडला, की स्नेहाला वाटलं, खोटंच चालू द्यायला हवं होतं. मग त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडं. बघू दे."

त्यांनी तुकडा चाटला. तो असा घट्ट चिकटला, की ओढून काढावा लागला.

कुंपणापलीकडे भागाबाईंच्या हातातली घागर पडली. शकुबाईंना चष्मा लागून, गुडघे धरून जमाना झाला होता, पण भागाबाईंना त्याचं काय! हाक मारेपर्यंत त्या पाराकडे निघाल्यासुद्धा, आणि पारावर श्रीपतराव, शकुबाईंचे यजमान, चार माणसांत बसलेले होते.

शकुबाई मटकन खाली बसल्या. घाम पुसत हळूच म्हणाल्या, "उद्याची जीप कवा हाय?"

"सातला."

"त्याच्या आधीची न्हाई का? मीबी येते."