एका गलबताची दोन मापं

कुकरची तिसरी शिट्टी झाली, चतुराबाईंनी झाकण उघडलं आणि बघतात तो आत तुरीच्या डाळीऐवजी लाकडाच्या पट्ट्या शिजत होत्या.

"माझी डाळ कुठंय?"

"ताटात काढून ठिवलीय," दिनकरराव चिमट्यानं एक पट्टी उचलत म्हणाले. "अगं, वाफ दिल्याबिगर लाकूड वळत न्हाई."

"आन् वरणाबिगर भाकर गिळत न्हाई, त्याचं काय?"

दिनकरराव मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं लोकांचे बांध मोजले आणि आता झरीत घरी बसून फूट-दीड फुटाची जहाजं बांधत होते. झरीपासून समुद्र किती लांब आहे, हे त्यांना चेष्टेनंही विचारायची सोय नव्हती. ते आकडा सांगत. प्रत्यक्ष समुद्र मात्र त्यांनी पाहिला नव्हता. सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते येलदरीच्या धरणाचं.

या छंदातला त्यांचा जोडीदार म्हणजे ताडकळसचा रंगनाथ टेलर. दोघांची गाठ घालून दिली वेंगुर्ल्याच्या तांडेलसाहेबांनी. साहेबांनी उभा जन्म बोटीवर काढला होता आणि फावल्या वेळात चाळीस वर्षं लहान जहाजं केली होती. मोबाइलवरच्या ग्रुपात ते शिकवत आणि हे दोघे शिकत. दोरखंड कसे ओढावेत, शिडांना खळ किती द्यावी, सगळं फोनवर. प्रत्यक्ष भेट आठ वर्षांत एकदाही नाही. साहेबांचा नियम एकच होता : विद्या लपवली की कुजते; ज्याला जे कळेल, ते त्यानं त्याच दिवशी दुसऱ्याला सांगावं. दिनकरराव आणि रंगनाथनं तो नियम इतका पाळला होता, की डिंक संपला तरी फोन होत असे.

यंदा दोघांनी मिळून तीन डोलकाठ्यांचं एकच गलबत करायला घेतलं. धड झरीत, डोलकाठ्या आणि शिडं ताडकळसला. साहेबांनी मोबाइलवर नकाशा पाठवला आणि दोघांनी आपापल्या गावात तो छापून घेतला. झरीच्या दुकानात लहानच कागद होता, म्हणून दुकानदारानं नकाशा त्यात बसवून दिला. ताडकळसचा दुकानदार दिलदार. त्यानं चार कागद जोडून ऐसपैस छापला. दोन्ही कागदांवर गलबत सारखंच देखणं दिसत होतं आणि दोघांनीही कागदावर पट्टी ठेवूनच मापं घेतली.

चार महिने काम सुखानं चाललं. मग साहेबांचा फोन आला.

"दिनकरराव, मी आता मुलाकडे कायमचा चाललोय. चाळीस वर्षांत जे जे शिकलो ते बारा वह्यांत लिहून ठेवलंय. त्या योग्य हातात पडाव्यात असं वाटतं. परवाचा आणि त्यापुढचा रविवार सोडून तिसऱ्या रविवारी नांदेडला जाताना तुमच्याकडे उतरतो. गलबत बघतो आणि मग ठरवतो."

बारा वह्या! दिनकररावांनी लगेच रंगनाथला कळवलं, तर तिकडे रंगनाथच्या हातातली कात्री कुणाच्या तरी ब्लाउजवरून भलतीकडे गेली.

सोमवारी ताडकळसचा बाजार. न सांगता जावं आणि मित्राचं काम डोळे भरून बघावं, असं दिनकररावांच्या मनात आलं. रंगनाथच्याही मनात नेमकं तेच आलं. परभणीच्या स्टँडवर दोघांच्या एसट्या बहुधा शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक ताडकळसला गेली, दुसरी झरीला.

झरीत चतुराबाईंनी चहा टाकेपर्यंत रंगनाथनं गळ्यातली टेप धडाला लावली. अकरा इंच. आणि घरी मधली डोलकाठी तर सोळा इंचांची! बारशाच्या लेकराला नवरदेवाचा कोट शिवून ठेवल्यासारखी गत झाली होती. शिंप्याचं माप चुकलं हे कुणाला कळलं तर दुकानाची पाटीच उतरवावी लागली असती.

तिकडे ताडकळसला रंगनाथची बायको कासाबाई गिऱ्हाइकाशी बोलत होती. दिनकररावांनी हळूच कापड उचललं आणि डोलकाठीला पट्टी लावली. सोळा इंच. कुणाचा बांध बोटभर सरकू दिला नाही आणि स्वतःचं गलबत निम्मं भरलं!

संध्याकाळी फोन झाला.

"आलतास म्हणं झरीला?"

"सहज आलतो. तुमी बी आलता म्हणं?"

"मेथी घ्यायला."

"झरीत मेथी भेटत न्हाई का?"

"ताडकळसची लय कवळी असती." दिनकररावांनी विषय बदलला. "गलबत बगितलंस का?"

"छे छे! नुस्ता वहिनीच्या हातचा चहा पेलो. तुमी डोलकाठ्या बगितल्या का?"

"म्या? झाकलेल्या वस्तूला कामून हात लावू?"

दोघांनाही हायसं वाटलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याच दिवशी कळलेली गोष्ट त्याच दिवशी सांगायची राहिली होती.

पुढचे बारा दिवस झरीत कुकर लाकडाकडेच होता. घरात भाकरी आणि ठेचा. दिनकररावांनी नवं धड बांधलं, बरोब्बर दुप्पट. ताडकळसला रंगनाथनं डोलकाठ्या तासून निम्म्या केल्या, शिडं नव्यानं शिवली आणि लग्नघरचे सात ब्लाउज लटकवून ठेवले. कासाबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली.

रविवारी सकाळी रंगनाथ सफारीच्या कापडात डोलकाठ्या गुंडाळून झरीत हजर झाला. दिनकररावांनी मोठ्या दिमाखात नव्या धडावरचा टॉवेल काढला. रंगनाथनं कापड सोडलं. दोन फुटी गलबतावर वीतभर डोलकाठ्या, म्हणजे म्हशीच्या पाठीवर काडेपेटीतल्या काड्या.

"हे... हे धड वाढलं कसं?" रंगनाथनं विचारलं.

"तुझ्या काठ्या मोजूनच वाढिवलं की! त्या कामून कापल्यास?"

"तुमचं धड मोजून! म्हणजे तुमी कापड उचललंत!"

"आन् तू नुस्ता चहा पेलास!"

"मेथी म्हणं! लय कवळी!"

भांडण रंगात आलं होतं, एवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. दोघांचेही चेहरे उतरले. बारा वह्या गेल्या. रंगनाथ डोलकाठ्या परत गुंडाळू लागला. "चूक माझी हाय. त्याच दिशी बोललो असतो तर..."

"माझी बी हाय," दिनकरराव म्हणाले आणि एकदम ताठ झाले. "थांब! जुनं धड! अगं, माळ्यावर लहान गलबत ठिवलं व्हतं, कुठंय?"

"ते व्हय?" चतुराबाई आतून म्हणाल्या. "त्यात लसूण हाय."

दिनकररावांनी जुनं धड उचललं आणि लसूण ओतायला दुसरं काही दिसेना, म्हणून नव्या गलबतात ओतला. रंगनाथनं डोलकाठ्या लावल्या. एक, दोन, तीन. तिन्ही आपापल्या भोकात घट्ट बसल्या आणि शिडं ताठ उभी राहिली. इतकं नेटकं काम दोघांनी मिळून आजवर केलं नव्हतं.

तांडेलसाहेब आत आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गलबत डोळ्यांजवळ धरलं, दोरखंडावरून बोट फिरवलं. मग नाक जवळ नेलं.

"वास कसला हो हा?"

चतुराबाईंनी पापणीही न लववता सांगितलं, "लसणाचा. वाळवी लागत न्हाई त्यानं."

साहेब थक्क झाले. त्यांनी गाडीतून वह्यांचा गठ्ठा आणवला आणि बारावीच्या शेवटच्या पानावर लिहिलं : 'लसूण. वाळवी लागत नाही. सौ. चतुराबाई, झरी.' मग सगळा गठ्ठाच दिनकररावांपुढे सरकवला.

"चाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. घ्या, तुमच्याचकडे राहू द्या. तुम्ही लपवून ठेवणारी माणसं नाही."

दोघं खाली माना घालून साहेबांच्या पाया पडले.

गाडी गेल्यावर चतुराबाईंनी लसणाचं मोठं गलबत उचललं. "ह्यात दोन किलो बसतो. हे आता मागू नका," असं बजावून त्या आत गेल्या.

रंगनाथनं हात धोतराला पुसले आणि पहिली वही उघडली. पहिल्याच पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : '१२ मार्च १९८४. पहिले गलबत. प्रत काढताना नकाशा लहान झाला. मूळ नकाशावरच्या डोलकाठ्या दुप्पट निघाल्या. सर्व पुन्हा केले. कोणासही सांगू नये.'

दोघांनी ते दोनदा वाचलं.

"दिनकरराव," रंगनाथ म्हणाला, "नियमापरमानं हे आजच ग्रुपवर टाकाय पायजे."

दिनकररावांनी वही मिटली आणि गठ्ठ्याच्या पार तळाशी सरकवली.

"उद्या बगू," ते म्हणाले.