आंबेझरीची विजेवरची फेरी

"अवो, गाडी चालू हाय का बंद?" कौसल्याबाईंनी मागच्या सीटवरून नवऱ्याला विचारलं.

"मलेच नाई समजून राह्यलं," धर्मपाल भगत म्हणाले.

एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसावर ही वेळ आली होती. ना घरघर, ना धूर, ना गिअर. लेक मैत्रेयी नागपुरात नोकरीला होती आणि तिला विजेवरची गाडी घ्यायची होती. तीही साधीसुधी नाही, चार सेकंदांत शंभरचा वेग पकडणारी. अशा गाड्या विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने चालवून बघायला देणारी एक कंपनी तिने शोधली आणि गाडी थेट लोहाऱ्याला घरी आणून उभी केली.

"बाबा, तुम्ही पास केली तरच घेईन," ती म्हणाली.

रिटायर झाल्यापासून चार वर्षांत भगतांना कुणी काही पास करायला सांगितलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले.

"कुठं नेऊ?"

"तुमच्या मनात येईल तिकडं."

भगतांच्या मनात एकच गाव आलं, झरी जामणीकडच्या रानातलं आंबेझरी. बारा वर्षं त्यांची मुक्कामी गाडी तिथे जात होती.

एसटीचा ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे पायाने मोट ओढण्यासारखं. त्या सवयीने त्यांनी पाय दिला आणि गाडी गोफणीतल्या दगडासारखी सुटली. कौसल्याबाईंच्या मांडीवरचा डबा उघडला आणि तुरीचं वरण पांढऱ्याशुभ्र सीटवर पसरलं. घाबरून पाय उचलला, तर गाडी जागच्या जागी थबकली.

"ब्रेक काहून मारता?"

"म्या नाई मारला! हे आपल्या मनानंच थांबून राह्यली!"

"बाबा, पाय उचलला की या गाडीला आपोआप ब्रेक लागतो," मैत्रेयी म्हणाली.

पांढरकवडा येईपर्यंत पायाला अंदाज आला. सागाचं रान लागलं तसे भगत बोलते झाले. "या वळणावर सेकंड गिअर. गाडी अशी हुंकारायची का सांबर पळायचे. इंजिनच्या बोनेटवर लोकं भाकरी ठेवत. आंबेझरी येईलोक गरम राहे." मग डॅशबोर्डकडे बघून त्यांनी उसासा टाकला. "हे मुकी हाय बिचारी."

आंबेझरीच्या फाट्यावर एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिने हात केला. भगतांच्या पायाला एवढं पुरे होतं.

"मानीबाई?"

"अवो माय, डायवरभाऊ!" मानीबाईने गाडी पुढून मागून न्याहाळली. "बस लहान केली काय?"

नवा रस्ता झाल्यापासून बस गावाबाहेरूनच निघून जायची. फाट्यापासून आंबेझरी चार किलोमीटर, तेही भर उन्हात. "बसा," भगत म्हणाले. पुढच्या वळणावर दोन बाप्ये भेटले, त्यापुढे पोराला कडेवर घेतलेली गावातली एक सून. मैत्रेयी काही बोलणार, तोवर ती आईच्या मांडीवर गेली होती आणि तिच्या मांडीवर मानीबाईची टोपली आली होती. टोपलीत कोंबडी होती.

गाडी टिंगटिंग वाजू लागली. मग स्पीकरमधून आवाज आला, "नमस्कार सर, कंपनीतून राजदीप बोलतोय. सीटवर वजन जास्त दिसतंय. किती जण आहेत आत?"

उत्तर मानीबाईनेच दिलं.

"आठ मानसं अन एक कोंबडी."

"सर, प्रवासी वाहतूक चालत नाही!"

"हा कोन बोलून राह्यला?" मानीबाईने विचारलं.

"कंडक्टर," भगत म्हणाले.

आठ माणसं, एसी आणि सकाळची ती गोफणीसारखी झेप, या सगळ्याला बॅटरी किती पुरणार? आंबेझरीच्या पारापाशी बॅटरीचा आकडा दोन टक्क्यांवर आला आणि गाडी उभीच राहिली.

गावात दणकट प्लग एकच, बळीरामच्या पीठगिरणीत. मैत्रेयीने वायर जोडली. तेवढ्यात कुणीतरी सवयीने गिरणीचं बटन दाबलं. फाटकन आवाज झाला आणि अर्ध्या गावाची लाइट गेली. एप्रिलच्या दुपारी पंखे बंद पडल्यावर माणसं जशी बाहेर येतात, तशी ती आली.

"कोनाची गाडी हाय हे?" बळीराम गरजला.

भगत पुढे झाले. हात जोडावेत की पळावं, याचा ते विचार करत होते. बळीरामने डोळे बारीक केले.

"भगत डायवर? गणिताच्या पेपरच्या दिवशी माह्या दारासमोर दहा मिन्टं हॉर्न वाजोनारे?"

"पास झालता का रे मंग?"

"नाई. पन पेपरले त पोचलो!"

फ्यूजची तार बदलली. गाडी चार्ज होण्यासाठी गिरणी संध्याकाळपर्यंत बंद ठेवायचं ठरलं. दळणाचे डबे तिथेच रांगेत राहिले आणि डबेवाल्या भगतांभोवती बसल्या. कुणी लग्नाला त्यांच्याच गाडीतून आलेली, कुणाच्या सासऱ्याचं औषध ते दर सोमवारी आणायचे, कुणाचा पाटा-वरवंटा टपावर चढवताना त्यांनी केलेली आरडाओरड अजून गावाला तोंडपाठ होती. कौसल्याबाई थक्क होऊन ऐकत होत्या. एकतीस वर्षं नवरा दमून घरी येई आणि विचारलं तर सांगे, "काय रायते? गेलो अन आलो."

भगतांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

चार तासांनी पांढरकवड्याच्या चार्जिंग स्टेशनपर्यंत पुरेल इतका आकडा चढला. मैत्रेयीने वरण पुसून काढलं. तिघं गाडीत बसली आणि स्पीकर पुन्हा बोलला. राजदीपचा आवाज आता दमलेला होता.

"सर, फॉर्म भरायचाय. पिकअप कसा वाटला?"

मैत्रेयी बाबांकडे वळली.

"पिकअप झकास हाय. आपल्या एसटीलेबी नवता असा."

"म्हणजे गाडी घेणार?"

"पन याच्यातली मोठी येते काय? तीस-पस्तीस सीटची?"

"सर, घरच्या तीन माणसांना एवढी मोठी कशाला?"

भगतांनी आरशात पाहिलं. पारावर पिशव्या, गाठोडी, एक करडू आणि परतीच्या फेरीसाठी रांग लावून उभी असलेली चौदा-पंधरा माणसं. सगळ्यात पुढे डोक्यावर पदर घेतलेली मानीबाई, आता म्हणे माहेरी जायला निघालेली.

"कायले म्हंजे?" भगत म्हणाले. "लोकं उभे हायेत ना बाप्पा स्टॉपवर!"