दुसऱ्या ओळीची वांगी

भागवत सुरडकर अभ्यासकेंद्रात गेला तो शेजारच्या शंकररावांना सोबत म्हणून. शंकररावांना निवृत्तीनंतर मुक्त विद्यापीठाची पदवी घ्यायची हौस आली होती. केंद्रात गेल्यावर त्यांना कळलं की परीक्षासुद्धा द्यावी लागते. ते चहा प्यायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि परस्पर घरी गेले. भागवतच्या हातात उरला कोरा फॉर्म.

आता बुलढाण्यातल्या एका सरकारी कार्यालयात बावीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस. कोरा रकाना दिसला की त्याचा हात शिवशिवतो. 'अर्जदाराचे नाव' इथे त्याने सहज आपलं नाव टाकलं, मग जन्मतारीख टाकली (अक्षर छान पडत होतं), आणि शेवटी सही करून, खिडकीवर फी भरून मोकळा झाला. आपण कशाची पदवी घेणार आहोत हे त्याला घरी पावती वाचल्यावर समजलं. उद्यानविद्या! घरात बाग म्हणायला गॅलरीत एक तुळस होती, आणि तीही त्याची बायको जयमाला हिच्या जिवावर जगत होती.

गंमत म्हणून सुरू झालेलं प्रकरण पुढे गळ्याशी आलं. कार्यालयात हर्षल नावाचा पोरगेला माणूस भागवतच्या हाताखाली रुजू झाला होता. तो पदवीधर, म्हणून बघता बघता त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. ज्याला आपण फायलीला दोरा बांधायला शिकवलं त्याला "साहेब" म्हणणं भागवतच्या रोज जिवावर यायचं. पदवी मिळाली तर बढतीच्या यादीत नाव लागणार होतं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने रडतखडत सहा वर्षांत आणून पोचवला. आता एकच प्रकल्प उरला होता, आणि नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. प्रकल्प गेला की सहा वर्षं पाण्यात, आणि निवृत्तीपर्यंत "साहेब".

प्रकल्पासाठी जमीन हवी. ती मिळाली धाड या गावी, सासरे रामराव यांच्या मळ्यात. रामरावांनी विहिरीजवळचा तुकडा दिला. भागवतने तिथे वांग्याच्या दोन ओळी लावल्या, प्रत्येकी वीस झाडं. पहिल्या ओळीला दर आठवड्याला पाण्यात विरघळणारं खत द्यायचं, दुसरीला नुसतं पाणी, आणि दोघींच्या उंचीतला फरक तीन महिने टिपून ठेवायचा. त्याने दोन पाट्या रंगवून रोवल्या. एकीवर 'खत', दुसरीवर 'विना खत'. सासूबाईंना, म्हणजे केसरबाईंना, त्याने दोनदा बजावून सांगितलं की या दुसऱ्या ओळीला पाण्याशिवाय काहीही द्यायचं नाही.

"काऊन?" केसरबाईंनी विचारलं. "तिनं काय केलं?"

त्याने प्रयोग, तुलना, निष्कर्ष असं बरंच काही समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जेवायला चला म्हणाल्या.

मग दर रविवारी एसटीने धाड, मळ्यात टेप लावून मोजणी, आणि सासूबाईंच्या हातचं पोट फुटेस्तोवर जेवण असा क्रम सुरू झाला. (जावई टेप घेऊन मळ्यात फिरतो हे पाहून गावातल्या दोघा-तिघांनी रामरावांना, वाटणी मागितली काय, असं हळूच विचारलंही.) पहिले तीन आठवडे दोन्ही ओळी बरोबरीने वाढल्या. चौथ्या आठवड्यातही तेच. सहाव्या आठवड्यात बिनखताची ओळ खताच्या ओळीपेक्षा चार बोटं उंच निघाली.

भागवतने टेप बदलून पाहिला. मग पुस्तक पुन्हा वाचलं. पुस्तकात असं काही होत असल्याचा उल्लेख नव्हता. चिडून त्याने खताची मात्रा दुप्पट केली. पहिल्या ओळीच्या पानांच्या कडा करपल्या. दुसरी ओळ मात्र अशी तरारली की झाडं वांग्यांच्या भाराने वाकली. तो घरी येऊन जयमालावर खेकसला, तुमची जमीनच उलटी आहे. ती म्हणाली, "आमच्या जमिनीत पाच पिढ्या वांगे होऊन राह्यले. तुमीच काहीतरी उलटं वाचलं असन." त्या दिवशी त्याला वांग्याचं भरीत गोड लागलं नाही.

अशात परीक्षकांचं पत्र आलं. प्रेमानंद सर रविवारी प्रकल्प पाहायला धाडला येणार. भागवतच्या तोंडचं पाणी पळालं. बुधवारी अर्धी रजा टाकून, न कळवता, तो जीपने मळ्यात पोचला. पाहतो तो काय, केसरबाई बादली घेऊन दुसऱ्या ओळीत उभ्या. बादलीत शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवलेलं. एकेका झाडाच्या बुडाशी एकेक तांब्या सोडत, प्रत्येकाची विचारपूस करत त्या पुढे सरकत होत्या.

बायको असती तर भागवतने आभाळ डोक्यावर घेतलं असतं. पण समोर सासू, आणि हा जावई. तो सगळा राग गिळून तो कसाबसा म्हणाला, "मामी, ह्या ओळीले काही द्यायचं नाही म्हनलं होतं ना म्या."

केसरबाईंनी पदर सारखा केला. "तुमच्या खताले म्या बोट नाही लावलं, जावाईबापू. पण एका पंगतीत बसवाचं, अर्ध्याईले वाढाचं अन् अर्ध्याईले नुसतं पाणी पाजाचं, हे माह्या घरी आजवर झालं नाही. पहिल्या दिवशीच माह्या जिवाले लागलं ते."

म्हणजे पहिल्याच आठवड्यापासून हा कार्यक्रम चालू होता. विद्यापीठाने एवढी जाडजूड पुस्तकं छापली, पण पंक्तिप्रपंच हे पाप आहे आणि ते वांग्यांनाही लागू आहे, याची दखल कुठेच घेतली नव्हती. भागवतला रडावंसं वाटलं. तीन महिन्यांची वही खोटी, परीक्षक चार दिवसांवर.

शेवटी त्याच्यातला कारकून धावून आला. झाडं बदलता येत नाहीत, पण कागद बदलता येतो. त्याने रात्री घरी बसून वहीतले आकडे अदलाबदल करून नव्याने उतरवले, आणि रविवारी पहाटेच्या गाडीने येऊन दोन्ही पाट्या उपटून एकमेकींच्या जागी रोवल्या. आता 'खत' ही पाटी तरारलेल्या ओळीपुढे आणि 'विना खत' करपलेल्या ओळीपुढे. पुस्तकात म्हटलं होतं अगदी तसं.

प्रेमानंद सर आले. वही पाहिली, झाडं पाहिली, मान डोलावली. पेन काढून आता सही करणार, एवढ्यात केसरबाई चहा घेऊन आल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पाट्या त्यांनी वाचल्या आणि ट्रे बांधावर ठेवला.

"पाट्या इकडच्या तिकडं झाल्या वाटते, जावाईबापू," म्हणत त्यांनी दोन्ही उपटल्या आणि जिथल्या तिथे रोवून दिल्या. वर सरांना सांगितलं, "हे माही ओळ. तिकडची करपेल आमच्या जावायाची."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. भागवतने सगळं कबूल केलं. बांधावर उभं राहून, खाली मान घालून, सासऱ्यांच्या देखत. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. सरांनी केसरबाईंना विचारलं, काय दिलं, किती दिलं, कधी दिलं. बाईंना सगळं तोंडपाठ. दर बुधवारी, झाडामागे एक तांब्या, गूळ मूठभर, बेसन ओंजळभर.

"खोट्या वहीसाठी तुम्हाला नापासच करायला पाहिजे," सर भागवतला म्हणाले. "पण ह्या बाईंचा प्रयोग खरा आहे. दोन खतांची तुलना म्हणून अहवाल लिहा. आज, इथंच. खरे आकडे."

अठ्ठावीस वर्षं साहेबांनी सांगितलेलं उतरवून घेणारा भागवत संध्याकाळपर्यंत लिंबाखाली मांडी घालून सासूबाई सांगतील ते उतरवून घेत राहिला. त्या मध्येच थांबून, लिवलं का, असंही विचारत होत्या.

महिन्याभराने निकाल लागला. भागवत पास झाला. प्रकल्पाच्या पानावर सरांचा शेरा होता: 'विद्यार्थ्याने ज्या ओळीस हात लावला नाही, ती ओळ उत्कृष्ट आली आहे.' तो पास झाला याचा त्याला खरोखर आनंद झाला, पण नियमाप्रमाणे संपूर्ण अहवाल बढतीच्या अर्जाला जोडावा लागला, आणि अर्ज हर्षल साहेबांच्या टेबलावरून गेला.

बढतीचा आदेश आला. सोबत हर्षल साहेबांच्या सहीचा आणखी एक कागद होता: 'श्री. भागवत सुरडकर हे उद्यानविद्येचे पदवीधर असल्याने कार्यालयाच्या आवारातील बाग आजपासून त्यांच्या अखत्यारीत देण्यात येत आहे. मात्र परीक्षकांचा शेरा विचारात घेता त्यांनी बागेस प्रत्यक्ष हात लावू नये.'

भागवतने आदेशाचं काटेकोर पालन केलं. त्या वर्षी कार्यालयातले गुलाब कधी नव्हे ते फुलले.