माजघरातली मेस आणि अंगणातला लंगर

ज्या घरात कोणी कोणापुढं उठून उभं राहायचं हे ठरलेलं नसतं, त्या घरात शेवटी कोणालाच बसता येत नाही. राळेगाव तालुक्यातल्या डोमाजींना हे सत्य फौजेनं शिकवलं होतं. ते नाईक म्हणून निवृत्त झाले आणि गाव त्यांना 'मेजर' म्हणू लागलं (गावात बढती लवकर मिळते).

मुलगा राजकुमारही नाईक झाला, तेव्हा डोमाजी धन्य झाले. पण पोरानं लग्न केलं पुसदच्या निकिताशी, आणि निकिता निघाली कॅप्टन! म्हणजे सून नवऱ्याचीही साहेब आणि सासऱ्याचीही. तो राजस्थानात, ती आसामात. दोघांच्या सुट्ट्या काही केल्या जुळेनात. यंदा संक्रांतीच्या सुमाराला एक आठवडा कसाबसा जुळला. सासू तानाबाईंनी तो नवस बोलून मिळवला होता. त्यांना नातू हवा होता.

डोमाजींनी मात्र आधी घराला शिस्त लावली. साहेब आणि जवान एका पंगतीत बसत नाहीत, या न्यायानं माजघर 'अधिकारी मेस' जाहीर झालं आणि गोठ्यालगतचं अंगण 'जवानांचा लंगर'. मेसमध्ये पलंग, गादी, स्टीलचं नवं ताट आणि कूलर (थंडीमुळे बंद). लंगरमध्ये बाप, लेक आणि एक गोऱ्हा. भाजी एकाच कढईतली, पण मेसमध्ये ती आधी जायची.

स्वागताचा कार्यक्रम उंबरठ्यावर झाला. निकिता पाया पडायला वाकली आणि नेमक्या त्याच क्षणी डोमाजींनी खाडकन सलाम ठोकला. सासऱ्याचं कोपर सुनेच्या कपाळाला लागून टेंगूळ आलं.

"बाबा, मी तुमची सून आहो!" निकिता कपाळ चोळत म्हणाली.

"सून घरात. उंबरठ्यावर कॅप्टन," डोमाजी सावधान उभे राहूनच म्हणाले.

राजकुमारनं मेसकडे जायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

"कायले जाऊन राह्यला तिकडं?" डोमाजींनी हटकलं.

"चार्जर आणाले, बाबा."

"अर्ज दे. मी पुढं पाठवतो."

(अर्ज मंजूर झाला. चार्जर बाहेर आला, राजकुमार आत गेला नाही.)

गावानंही सहकार्य केलं. बाया हळदीकुंकवाच्या निमित्तानं येत आणि माजघरात डोकावत. माणसं निमित्ताशिवाय येत आणि राजकुमारकडे हळहळून बघत. निम्मा आठवडा असाच सरला. एका दुपारी एकटीच जेवताना निकिताला रडू कोसळलं. तानाबाईंनी ते पाहिलं, तवा खाली उतरवला आणि त्या तरातरा अंगणात आल्या.

"अवो मेजर, नातू काय पोस्टानं येईन?"

"नियम आहे," डोमाजी म्हणाले. "साहेब अन् जवान..."

"अन् मंग आपलं कसं जमलं? तुम्ही नाईक, मी चूल फुकणारी. तव्हा वेगळी मेस काहून नाही काढली?"

डोमाजींनी बराच विचार केला. नोकरीतला एकेक नियम आठवून पाहिला.

"तव्हा वरचा मी होतो," ते अखेर म्हणाले.

"बरं झालं सांगतलं. आता उठा! वावरात रानडुकरं हरभऱ्यात शिरून राह्यले. लेकराइची सुट्टी संपेपर्यंत जागलीवर राहा. डबा पाठवतो मी."

इतका स्पष्ट हुकूम डोमाजींना निवृत्तीनंतर प्रथमच मिळाला होता. त्यांनी घोंगडं उचललं, बॅटरी घेतली आणि ते मोठ्या समाधानानं वावराकडे निघाले. राजकुमार अर्ज न देता आत गेला. दार लागलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना तानाबाईंनी फाटकातूनच परत पाठवलं.

वाचकांना या सगळ्याचं हसू आलं असेल. यावंच. राजकुमार कॅप्टन असता आणि निकिता नाईक, तर यात हसण्यासारखं काय आहे ते कोणालाच सापडलं नसतं, आणि तुम्हीही एव्हाना पान उलटलं असतं.