खिडकी मिटली तरी काम चालू

माझं काम आता मधेच बंद पडत नाही. कधीच नाही. गेला महिनाभर हे मी भेटेल त्याला सांगतोय आणि ज्याला कळत नाही त्याला दोनदा सांगतोय.

त्याचं असं आहे. मी एका वाचनालयात संगणकाचं काम बघतो. पूर्वी संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून एखादं लांबलचक काम लावलं, की खिडकी उघडी ठेवून राखण करत बसावं लागे. नेट तुटलं, लॅपटॉप मिटला, की काम गेलं. मग मला टीमक्स नावाचा प्रोग्राम सापडला. काम त्याच्या सत्रात लावायचं आणि खुशाल घरी जायचं. सत्र तिकडे वाचनालयाच्या मोठ्या मशीनवर चालूच. कीर्तनातून एखादा श्रोता उठून गेला म्हणून बुवा आख्यान थांबवतात का? परत या, टेका, कथा आपली पुढे सरकलेली असते.

या वेळचं काम तर पुण्य लाभावं असं होतं. आमच्या गावच्या एका शिक्षिकेनं चाळीस वर्षांपूर्वी अंध वाचकांसाठी साठ पुस्तकं टेपवर वाचून ठेवली होती. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. आता सोमवारी सकाळी दहाला त्या स्वतःचा जुना आवाज ऐकायला येणार होत्या. टेपांना भजी तळल्यासारखी खरखर. ती काढायचं काम मी शुक्रवारी लावलं. तीन दिवसांचं काम, आणि मधे थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून.

रविवारी सकाळी घरून सत्रात डोकावलो. एक्याण्णव टक्के. इतका आनंद झाला की सासऱ्यांना हाक मारली. ते निवृत्त मुख्याध्यापक, चार दिवस राहायला आलेले.

"हे वाचनालयातलं काम इथून दिसतंय?"

"नुसतं दिसत नाही, मामा. तिथल्या पडद्यावरही आत्ता हेच आहे. सत्र एक, खिडक्या दोन."

"मग जावईबापू, तुम्ही तिथे जाऊन काय करता?"

मी टॉवेल उचलला आणि अंघोळीला गेलो. खिडकी उघडी ठेवून. इथेच चुकलं.

सासऱ्यांना नळखात्याला तक्रार लिहायची होती. समोर काळीभोर पाटी आणि लुकलुकणारी खूण. जन्मभर फळ्यावर लिहिलेला माणूस, त्याला आणखी काय हवं? बसले टाइप करायला.

मी डोक्याला साबण लावला आणि बायकोनं दार ठोठावलं.

"अहो, ग्रंथपालबाईंचा पाचवा फोन. तुम्ही पाण्यात आहात म्हटलं तर म्हणतात, बाहेर काढा."

साबणासकट फोन घेतला.

"आपल्या मशीनमध्ये कुणीतरी शिरलंय," बाई कुजबुजत होत्या. उद्याच्या खुर्च्या मांडायला त्या रविवारीही आल्या होत्या. "पडद्यावर आपोआप अक्षरं येतायत. वाचू? 'महोदय, आपल्या कारभाराचा मला वीट आला आहे. उद्यापर्यंत दखल न घेतल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.' उद्या म्हणजे आपला कार्यक्रम. त्याला सगळं ठाऊक आहे."

"बाई, तुम्ही कशाला हात लावू नका."

"लावला. मी लिहिलं, 'कोण आहात? काय हवंय?'"

"मग?"

"तो पाणी मागतोय."

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा तृप्त आवाज आला, "अगं, नळखात्यानं लगेच उत्तर दिलं. अशी तत्परता मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

माझ्या डोळ्यांत साबण गेला.

"बाई, ते माझे सासरे आहेत."

"चोरही हेच म्हणेल. मी वायर उपटते."

"उपटू नका. तीन दिवसांचं काम आहे. मी येतो, तोवर वायरपासून चार हात लांब बसा."

"पाच मिनिटं देते."

लॅपटॉपपाशी धावलो. सासरे 'नागरिक या नात्यानं' असा नवा परिच्छेद काढत होते. त्यांना बाजूला केलं, सत्रातून अलगद बाहेर पडलो, सायकल काढली. कानात फेस, शर्ट उलटा. रस्त्यात ओळखीच्या डॉक्टरनं विचारलं, "कुणाचं काय?" मी म्हणालो, "ब्याण्णव टक्के वाचेल." ते माझ्याबरोबर थोडं धावले.

वाचनालयात बाई एका हातात अजून न उपटलेली वायर आणि दुसऱ्या हातात शब्दकोश घेऊन उभ्या होत्या. शब्दकोश चोरासाठी.

बसवलं त्यांना. सत्र म्हणजे काय, खिडक्या कशा दोन, सासरे कसे एकच, सगळं सांगितलं. पडदा दाखवला. चौऱ्याण्णव टक्के. आमच्या आरड्याओरड्याला न बधता काम आपलं चाललेलं. मला गहिवरून आलं.

"पाहिलंत? नेट तुटो, माणूस पळो, हे थांबत नाही."

"मान्य," बाईंनी वायर सोडली. "पण वाचनालयाच्या समितीला कळवावं लागेल. तुमच्या सासऱ्यांचा मजकूर मला जसाच्या तसा काढून द्या."

"एवढंच ना?" मी म्हटलं. मजकूर निवडला आणि ऐटीत कंट्रोल-सी दाबलं.

बाकी सगळ्या जगात या दोन कळांचा अर्थ नक्कल करणे. त्या काळ्या खिडकीत मात्र अर्थ एकच: चालू काम मारून टाक. हे मला बारा वर्षं माहीत आहे. मी लोकांना शिकवतो.

चौऱ्याण्णव टक्के नाहीसे झाले. खूण तेवढी लुकलुकत राहिली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"सत्र चालू आहे," मी म्हणालो.

सोमवारी दहाला शिक्षिका आल्या. मी देवाचं नाव घेतलं आणि खरखरीसकट मूळ टेप लावली. दुसरं होतंच काय? वीस मिनिटं त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी वायरकडे. मग शिक्षिकेनं वही काढली, चार ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"आवाज अगदी स्वच्छ केलात. पूर्वी फार खरखर होती. तीन दिवस खपलात म्हणे. देव तुमचं भलं करो."

मी वाकून नमस्कार केला. तसंच वाकलेलं राहणं मला जास्त सोयीचं होतं.